त्रेचाळीस मिनिटं

रत्नव्वा कोष्टी सकाळी साडेदहाला दुकानात आली. साडीच्या फडक्यात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क तिनं काउंटरवर ठेवली. ऋतुजा मगदूमनं फडकं सोडलं. काळ्या प्लॅस्टिकचं, तळहाताएवढं, सतरा-अठरा वर्षांपूर्वीचं मॉडेल. एक कोपरा फुटलेला होता. ऋतुजानं ती केबलला लावून पाहिली. आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला आणि मोटर बंद पडली.

"मावशी, याचं आतलं डोकं गेलंय. फोटो आहेत का यात?"

"फोटो न्हाईत. मला आवाज पायजे. टीव्हीवर दाखवत्यात तसला."

इचलकरंजीच्या स्टेशन रोडवरचं हे दुकान ऋतुजा नऊ वर्षं चालवत होती. बंद पडलेल्या डिस्कमधून लोकांची लग्नं, बारशी, दुकानांची कागदपत्रं काढून द्यायची, हे तिचं काम. गेल्या वर्षी तिनं कंपवाचक घेतला आणि त्याचा सरकारी परवानाही मिळवला. जिल्ह्यात असे परवाने तिघांकडेच होते.

हार्ड डिस्कमध्ये काचेची चकती मिनिटाला पाच हजार चारशे वेळा फिरते. तिच्यावर चुंबकीय थर असतो, आणि लिहिणारं डोकं त्या थराच्या इतकं जवळ तरंगत असतं की मध्ये धुळीचा कणही मावत नाही. डोकं चकतीवर गोल गोल रेघा लिहीत जातं. खोलीत कोणी ओरडलं, टेबलावर काही आपटलं, की डोकं किंचित थरथरतं आणि त्या क्षणी लिहिली जाणारी रेघ तेवढीच वाकडी होते. डिस्कच्या रोजच्या कामाला त्यानं काही फरक पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तिकडे कोणी पाहिलं नव्हतं. मग काही संशोधकांनी ती वाकडी रेघ मोजायचं यंत्र बनवलं. कंपवाचक चकतीवरून एक अतिसूक्ष्म चुंबकीय सुई सावकाश फिरवतो, रेघ कुठे किती सरकली ते टिपतो आणि त्यावरून आवाज पुन्हा उभा करतो. अटी दोनच. आवाज झाला तेव्हा डिस्कवर काहीतरी लिहिलं जात असायला हवं, आणि त्या जागेवर नंतर दुसरं काही लिहिलेलं नसावं.

ज्या काळात कोणाच्याही आवाजात काहीही बोलवून घेता येत होतं, त्या काळात कोर्टांनी साध्या ध्वनिमुद्रणावर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं. चकतीवरची वाकडी रेघ मात्र खोटी बनवता येत नव्हती. म्हणून कोर्ट तिला मानू लागलं, पण मूळ चकती शाबूत असेल तरच. सरकारी प्रयोगशाळेत तिचं दुसऱ्यांदा वाचन होई आणि दोन्ही वाचनं जुळली तर तो पुरावा.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. लातूरकडच्या एका बाईनं नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपमधून सासऱ्याचा आवाज काढला, तर तिला घरातच जाळलं. सोलापुरात कंपवाचक चालवणाऱ्या एकाचे दोन्ही हात कोपरापासून तोडले. लोक जुन्या डिस्का हातोड्यानं फोडून विहिरीत टाकू लागले. ऋतुजाच्या दुकानाला दोनदा दगड पडले होते.

"ही डिस्क कुणाची, मावशी?"

"इंगवल्याच्या सायझिंगच्या हापिसातली. मी भंगार निवडायला जातो. कारखाना मोडला तवा ह्ये गोणीत आलं. पाच वर्सं पेटीत ठिवलंय."

सायझिंग म्हणजे सुताला उकळती खळ लावून वाफेच्या रुळांवर वाळवण्याचा कारखाना. सतरा वर्षांपूर्वी दौलत इंगवले यांच्या कारखान्यात रत्नव्वाचा नवरा सिद्राम खळीच्या हौदात पडून मेला होता. पाय घसरला, असं कागदावर लिहिलं गेलं.

"त्या दुपारी मला फोन आला हुता त्येचा," रत्नव्वा म्हणाली. "म्हणाला, हापिसात बसलोय, दिवाणजी जुन्या कॉम्प्युटरमधलं समदं डब्बीत उतरवायलेत, मालक आलं की बोलतो आन् येतो. बॉयलरवर दोन बाया भाजल्या हुत्या. दुसऱ्या दिवशी सरकारी सायब येणार हुता, त्येला ह्यो सांगणार हुता. मला पोरगं न्हाई, दीर न्हाई. कोण इचारणार?"

ऋतुजाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्या कारखान्याचे दिवाणजी म्हणजे तिचे वडील, भूपाल मगदूम.

"मला ठावं हाय तुम्ही कुणाची पोर ते," रत्नव्वा म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडं आलो. त्या दिवशी मालकाच्या घरचं कुत्रंबी आलं न्हाई. तुमचं वडील आलं. मला पाणी पाजलं, मातीला थांबलं. दुसऱ्याच्या हातात ह्ये द्यायचा धीर झाला न्हाई."

ऋतुजानं पावती लिहिली.

*

काचेच्या बंद पेटीत, हातमोजे घालून तिनं डिस्क उघडली. डोकं वाकलं होतं आणि चकतीच्या कडेला त्याचा ओरखडा पडला होता. आतला भाग चांगला होता. तिनं चकती कंपवाचकावर चढवली आणि फाइलींच्या तारखांवरून त्या दुपारची जागा शोधली. दोन वाजून सहा मिनिटांपासून दोन एकोणपन्नासपर्यंत डिस्कवर सलग लिहिणं झालं होतं. त्रेचाळीस मिनिटं. त्यानंतर कोणी त्या डिस्कला हात लावलेला नव्हता.

वाचन पुरं व्हायला दुसऱ्या दिवसाचे अकरा वाजले. तिनं यंत्रांची घरघर वजा केली आणि हेडफोन लावला.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खोकला. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी अंघोळीआधी आप्पा तसेच खोकत. डिस्क टेबलावर त्यांच्या हाताशी होती, त्यामुळे त्यांचा आवाज सगळ्यात स्पष्ट उतरला होता. लांबून कोणीतरी फोनवर बोललं. सिद्राम असणार. मग दार वाजलं.

"बस खाली," एक जाड आवाज म्हणाला. "उद्या काय सांगणार आहेस साहेबाला?"

"झालं ते सांगणार, मालक. बॉयलरची झडप सहा महिने बंद हाय. मी तीनदा बोललो."

चापटीचा आवाज. मग टेबलावर काहीतरी जड आदळलं आणि हेडफोनमधला आवाज नुसता फाटला. ऋतुजाला कळायला क्षण लागला. ते सिद्रामचं डोकं होतं.

"दार लावा, दिवाणजी."

खुर्ची सरकली. पावलं गेली. कडी लागली. पावलं परत आली आणि खुर्ची पुन्हा सरकली.

मग पाइप. लोखंडी असावा, कारण फटका चुकून टेबलाला लागला की टणत्कार उठे. बाकी वेळा ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज येई. सिद्राम आधी शिव्या देत होता, मग देवाचं नाव घेत होता, मग दोनदा "दिवाणजी" म्हणाला. ऋतुजानं एकोणीसपर्यंत मोजलं आणि मोजायचं सोडलं. मध्ये इंगवले दम खायला थांबले आणि त्यांनी पाणी मागितलं. पेल्याचा आवाज आला. मग पुन्हा सुरू.

शेवटाला शांतता होती. तिच्यात आप्पांचा आवाज, अगदी कानाशी.

"मालक, अजून धुगधुगी आहे."

"मग पाय धरा."

काही क्षण गेले. खुर्ची सरकली. वजन उचलताना माणूस सोडतो तसा एक श्वास. मग डिस्कवरचं लिहिणं संपलं आणि पुढे काहीच नव्हतं.

ऋतुजानं हेडफोन काढून ठेवला.

नियम साधा होता. गुन्ह्याचा आवाज सापडला की चोवीस तासांत चकती सीलबंद करून पोलिसांकडे द्यायची. तिनं चकती कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि ती घरी गेली.

आप्पा जेवून आरामखुर्चीत पेपर वाचत होते. एकाहत्तर वर्षांचे. आई गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं होतं, तिची वेणी घातली होती, पहिली सोल्डरिंग गन त्यांनीच आणून दिली होती.

"आप्पा, रत्नव्वा कोष्टीनं एक डिस्क आणून दिली. तुमच्या ऑफिसातली."

त्यांनी पेपर खाली ठेवला.

"मी सगळं ऐकलं."

"किती?"

"पाय धरा म्हणाले, तिथपर्यंत."

आप्पांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "मला वाटलं, नाही म्हटलं तर मलाही तिथंच संपवतील. तू दहावीला होतीस. दार लावलं तेव्हा मला वाटलं होतं, दोन थपडा देऊन सोडतील. मग मारायला लागले. मग उठायला माझ्या अंगात बळच राहिलं नाही."

"पाय उचलायला होतं."

त्यांनी पेपरची घडी घातली.

"मला आज ती चकती पोलिसांत द्यायची आहे."

"उद्या दे," ते म्हणाले. "ऋतू, एक दिवस. उद्या मी स्वतः तुझ्याबरोबर येतो. मला माझ्या तोंडानं सांगू दे. चकतीच्या आधी."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता. तिनं तो ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी अकराला आप्पा दुकानात येणार होते. पावणेअकराला विश्वजित इंगवले आला. दौलत इंगवल्यांचा पुतण्या. त्याच्याबरोबर तिघं होते. शेवटच्यानं आत आल्यावर शटर ओढून घेतलं.

ऋतुजा फोनकडे झेपावली. एकानं तिचे केस धरून तिला मागे खेचलं आणि तोंड काउंटरच्या कडेवर आपटलं. दोन दात तुटले. शेजारच्या गल्लीत यंत्रमाग चालू होते, त्यांच्या खडखडाटात तिचं ओरडणं बाहेर गेलं नाही.

"चकती कुठाय?" विश्वजितनं विचारलं.

त्यानं हातोडा घेऊन कंपवाचकावर घाव घातला, मग कॉम्प्युटरवर, मग तिच्या फोनवर. मग दोघांनी तिचा उजवा हात टेबलावर पसरून धरला.

"तुझं सगळं काम या बोटांचं आहे ना?"

पहिल्या घावाला तिची तर्जनी आणि मधलं बोट फुटलं. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला आणि वेदना नंतर आली. दुसऱ्या घावाला तिनं कपाटाकडे मान वळवली. ती स्वतःला त्याबद्दल पुढे कितीतरी महिने माफ करू शकली नाही, पण तिसरा घाव मनगटावर बसणार होता आणि तिनं मान वळवली.

त्यांनी कपाट फोडलं. चकती पाकिटातून काढून विश्वजितनं ती उजेडात धरून पाहिली, फरशीवर ठेवली आणि हातोडा मारला. काचेची चकती एका घावात चुरा झाली. तरी तो बुटानं ती रगडत राहिला, फरशी करकर वाजेपर्यंत.

मग तो ऋतुजाजवळ वाकला. तिच्या तोंडातून रक्त गळत होतं.

"दिवाणजींची पोरगी म्हणून जिवंत सोडतोय. काकांनी शब्द दिलाय त्यांना काल. फोन करून रडत होते बिचारे."

जाताना एकानं तिच्या बरगडीत लाथ घातली. शटर वर गेलं, खाली आलं.

अकराला आप्पा आले. त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं.

*

तीन बोटांत सळ्या घातल्या. दोन बरगड्या मोडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिला थोडं बोलता येऊ लागलं तेव्हा आप्पा खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेले होते. फौजदारबाई जबाब घ्यायला यायच्या होत्या.

"तुम्ही फोन केलात," ऋतुजा म्हणाली. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते.

"नुसता दम देतो म्हणाले. चकती तेवढी घेऊन येतो. तुला बोट लावणार नाही, असं देवाशपथ सांगितलं."

"आणि तुम्ही मानलंत."

"हो."

"मी जबाबात सगळं सांगणार आहे. तुमचा आवाज ओळखला तेही."

"सांग. चकतीशिवाय ते कोण मानणार? तूच मागे सांगितलं होतंस ना."

ते रागानं बोलले नव्हते. हिशेब सांगावा तसं बोलले होते, आणि ऋतुजाला तेच सहन झालं नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात रत्नव्वा आली. तिच्या हातात चार पुडांचा स्टीलचा डबा होता. ऋतुजाच्या प्लास्टरकडे बघत ती दारातच थांबली.

"माझ्यापायी झालं समदं," ती म्हणाली.

"काच फुटली, मावशी. काही राहिलं नाही."

"तू ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"मग बास. तू जगलीस, बास." तिनं डबा खाटेवर ठेवला आणि आप्पांकडे वळली. "दिवाणजी, सकाळपासनं असंच बसलाय काय? तुमच्यासाठीबी भाकरी आणल्यात. दोन घास खावा. त्या दिवशी तुम्ही मला उपाशी ठिवलं न्हाई, मी तुम्हास्नी कशी ठीवू?"

तिनं डब्याची कडी काढली, पुन्हा लावली आणि डबा त्यांच्यापुढे धरला. आप्पांनी तो घेतला नाही.

"रत्नव्वा," ते म्हणाले, "दार मी लावलं. पाय मी धरले."

"काय?"

"मालकांनी मारलं पाइपनं सिद्रामला. त्याच्यात जीव होता. हौदापर्यंत नेलं तेव्हा पाय माझ्या हातात होते."

रत्नव्वानं डबा उचलला आणि त्यांच्या तोंडावर मारला. चष्मा फुटला. दुसरा घाव कपाळावर बसला आणि भुवई उघडली. तिसऱ्याला पुडं सुटली, भाकऱ्या आणि झुणका खाटेवर सांडला, आणि ती हातात राहिलेल्या दांड्यानं मारत राहिली, तोंडानं एक शब्द न बोलता. आप्पा स्टुलावरून खाली पडले. त्यांनी हात वर केले नाहीत. ऋतुजानं डावा हात उचलला, आणि तो तसाच खाटेवर परत ठेवला. शेवटी दोन नर्सनी रत्नव्वाला धरून मागे ओढलं.

फौजदारबाई आल्या तेव्हा आप्पा फरशीवरच भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यात रक्त उतरलं होतं.

"कोणी मारलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"ते राहू द्या," आप्पा म्हणाले. "सतरा वर्षांपूर्वीचं लिहून घ्या."

*

चकती नव्हती, म्हणून सगळा खटला आप्पांच्या साक्षीवर उभा राहिला. सरकारनं त्यांना माफीचा साक्षीदार केलं. तसं केलं नाही तर इंगवले सुटतील, असं वकिलांनी सांगितलं. ऋतुजानं रत्नव्वाला ते समजावून सांगितलं. रत्नव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "मोठ्या कुत्र्याला धरायला बारकं सोडायला लागतंय म्हण की."

साक्षीच्या दिवशी इंगवल्यांचा वकील शांतपणे उलटतपासणी करत होता.

"तुमच्या मुलीनं जे यंत्रावर ऐकलं म्हणतात, तेच तुम्ही पाठ करून सांगताय, खरं ना?"

"नाही. तिनं अर्धंच ऐकलं."

"म्हणजे?"

"कॉपी पुरी झाली तेव्हा आम्ही त्याला उचललं होतं. पुढचं त्या डिस्कमध्ये नव्हतं." आप्पांनी पिंजऱ्याची कड धरली. "हौदाच्या कट्ट्यावर ठेवला तेव्हा त्याला शुद्ध आली. माझ्याकडं बघितलं त्यानं. म्हणाला, दिवाणजी, पाय सोडा."

न्यायाधीशांनी मान वर केली. "मग?"

"मी सोडले नाहीत. मालक म्हणाले तेव्हा ढकललं."

वकिलानं पुढचा कागद हातात घेतला.

रत्नव्वा बाकावरून उठून बाहेर गेली. ऋतुजा तिच्या मागे धावली. आवारातल्या कडुनिंबाला पाठ लावून रत्नव्वा उभी होती आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट आवळत होती.

"तू आत जा," ती म्हणाली.

"मावशी, मी थांबते."

"जा म्हटलं की. तू समोर दिसली न्हाईस तर त्यो बोलायचा थांबंल. त्येला समदं बोलू दे."

ऋतुजा आत जाऊन बसली. आप्पा आणखी दोन तास बोलत होते.

दौलत इंगवल्यांना जन्मठेप झाली. विश्वजितला आणि त्याच्या माणसांना सात वर्षं. निकाल लागेपर्यंत आप्पा दीड वर्ष तुरुंगात होते. माफीच्या साक्षीदाराला खटला संपेपर्यंत सोडत नाहीत. निकालाच्या दुपारी, चार वाजता, त्यांना कोर्टाच्या फाटकाशी मोकळं केलं. हातात कापडी पिशवी होती. भुवईवरचा व्रण पांढरा झाला होता. बाहेर ऋतुजाशिवाय कोणी नातेवाईक आलेला नव्हता.

ऋतुजा स्कूटर घेऊन उभी होती. तिची तीन बोटं आता वाकत नसत, पण तळहातानं ॲक्सिलरेटर फिरवायला ती शिकली होती.

"बसा," ती म्हणाली.

ते मागे बसले. रस्त्यावर खड्डे होते. पहिल्याच खड्ड्याला तोल गेला आणि त्यांनी सवयीनं तिचा खांदा धरला.

"आप्पा, हात काढा."

त्यांनी हात काढला. मग घर येईपर्यंत ते मागच्या लोखंडी कॅरियरला धरून बसले होते. ऋतुजानं वेग कमी केला, पण ती थांबली नाही.